ड्रम सँडर : यंत्राला दोष देण्यापूर्वी

वसई तालुक्यातील उमेळे येथील एका सुतारकामाच्या कारखान्यात आम्ही पावसाळा संपल्यावर गेलो होतो. कारखाना मोठा नाही. पत्र्याची शेड, एक करवत यंत्र, एक थिकनेस प्लेनर, दोन मिस्त्री, तीन शिकाऊ पोरे आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला ड्रम सँडर. ताडपत्रीखाली काय आहे असे विचारताच थोरले मिस्त्री म्हणाले, "घेतले तेव्हा वाटले, चार माणसांची घासाई एकटे करील. आता विकायला काढले आहे. कोणी गिऱ्हाईक असेल तर सांगा."

कारण विचारले तेव्हा हकीकत कळली. एका घरमालकाच्या कपाटांचे १४ सागवानी पल्ले या यंत्रावर घासले होते. प्रत्येक पल्ला हाताला रेशमासारखा लागत होता. पण बिजागऱ्यांवर चढवल्यावर जोडीच्या मधल्या कडा एका पातळीत येईनात. एक कड वर, दुसरी खाली. पॉलिश झाल्यावर उजेडात ती पायरी आणखी उठून दिसू लागली. मालकाने शेवटचा हप्ता अडवला. दोघा मिस्त्रींनी चार दिवस हाताने रंधा मारून काम निभावले, नफा त्यातच गेला. दोष यंत्राचा, असे ठरवून त्याच्यावर ताडपत्री पडली.

आम्ही ताडपत्री काढायला लावली. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घेऊन एक ड्रमच्या डाव्या टोकाखालून आणि एक उजव्या टोकाखालून एकाच वेळी काढली. व्हर्नियरने मोजल्यावर दोघींच्या जाडीत ०.८ मिलिमीटरचा फरक निघाला. ड्रमची लांबी सुमारे दोन फूट, पल्ल्याची रुंदी दीड फूट. म्हणजे प्रत्येक पल्ल्याच्या एका कडेला दुसरीपेक्षा ०.६ मिलिमीटर लाकूड जास्त राहिले होते. सगळे पल्ले एकाच बाजूने यंत्रात गेलेले, त्यामुळे जोडीत एकाची पातळ कड दुसऱ्याच्या जाड कडेला भिडली. पायरी तेथून आली होती. पावसाळ्यापूर्वी गळतीमुळे यंत्र जागेवरून हलवले, तेव्हा पोरांनी ते ड्रमच्या आवरणाला धरून उचलले होते, हेही बोलता बोलता निघाले.

यंत्र बिघडलेले नव्हते, त्याची बैठक फक्त ढळली होती. तासाभरात ती जागेवर आली. तो तास कसा खर्च करावा, हे आमच्या कारागीर बंधूंना कळावे म्हणून हा लेख.

सूत आणि मिलिमीटर

आपला कारागीर सुताच्या हिशेबात वाढला आहे. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. चौकट, खाट, दरवाजा यांना हा हिशेब पुरतो. ड्रम सँडरचा हिशेब मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागात चालतो. सुताचा आठवा भाग म्हणजे ०.४ मिलिमीटर, आणि तेवढी चूक या यंत्रावर मोठी चूक आहे. म्हणून यंत्राबरोबर दोन वस्तू घेतल्याच पाहिजेत : एक व्हर्नियर आणि एक फिलर गेज. मोटार-गॅरेजमध्ये वापरतात तीच पातळ पात्यांची गेज. या दोन वस्तूंवाचून सँडर चालवणे म्हणजे तराजूवाचून दुकान चालवणे.

यंत्राची रचना सोपी आहे. आडवा ड्रम, त्यावर तिरपा गुंडाळलेला सँडपेपर, खाली टेबल, टेबलावरून फळी पुढे नेणारा सरकता पट्टा, आणि फळी उचलली जाऊ नये म्हणून ड्रमच्या पुढे-मागे दोन दाब-रोलर. फळी ज्या दिशेने जाते तिच्या विरुद्ध दिशेने ड्रमचा खालचा भाग फिरतो. हँडव्हील फिरवले की ड्रम किंवा टेबल वर-खाली होते. यातील एकेक भाग नीट लावणे, एवढेच आपले काम.

पहिले काम : ड्रम समांतर करणे

प्रथम मुख्य स्विच बंद करून प्लग काढावा. ड्रमवरचा पेपर उतरवावा. यंत्राचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत की नाही ते पाहावे, कारण खडबडीत जमिनीवर सांगाडा पिळला तर ड्रम कितीही बसवला तरी पुन्हा ढळतो. मग कठीण लाकडाचा सरळ, एकसारखा ठोकळा घेऊन तो टेबलावर ड्रमच्या एका टोकाखाली ठेवावा. ड्रम हळूहळू खाली आणून ठोकळ्याला जेमतेम टेकवावा. हँडव्हीलला हात न लावता तोच ठोकळा दुसऱ्या टोकाखाली न्यावा. तेथे फट राहिली तर फिलर गेजने मोजावी. ठोकळा शिरतच नसेल तर ते टोक खाली आहे, मग सुरुवात त्या टोकापासून करावी.

दुरुस्तीची जागा यंत्रानुसार निराळी असते. एका टोकाला उघड्या असलेल्या लहान यंत्रांत सहसा टेबल किंवा ड्रमच्या एका बाजूचे बोल्ट सैल करून उंची बदलता येते. दोन्ही बाजूंना आधार असलेल्या मोठ्या यंत्रांत दोन किंवा चार स्क्रू चेनने जोडलेले असतात. तेथे चेन एखादा दात घसरली तरी एक बाजू खाली जाते. बोल्ट आवळताना माप थोडे हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे.

ठोकळ्याची परीक्षा झाली की पेपर चढवून दोन पट्ट्यांची परीक्षा घ्यावी. सारख्या जाडीच्या पट्ट्या दोन्ही टोकांखालून एकाच वेळी काढून मोजाव्यात. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की काम झाले. त्यापुढे डोके लावण्यात अर्थ नाही, लाकूड स्वतःच हवेने तेवढे हलते.

उघड्या टोकाच्या यंत्रावर ड्रमपेक्षा रुंद फळी दोनदा फिरवून घासतात. तसे करायचे असेल तर उघडे टोक केसभर वर ठेवावे, नाहीतर फळीच्या मधोमध रेघ उमटते. उमेळ्याच्या मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे कधी कधी वाकडे ठेवणेच सरळ."

पेपर : घट्ट, पण चढू नये

पेपरच्या पट्टीची दोन्ही टोके तिरपी कापलेली असतात. जुनी पट्टी फेकू नये, ती नवी कापण्याचा नमुना म्हणून जपून ठेवावी. डाव्या टोकाच्या क्लिपमध्ये पट्टी अडकवून ड्रम हाताने फिरवत तिरपी गुंडाळत जावे. एक वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. जेथे चढला तेथे ड्रम जाड होतो आणि फळीवर काळी रेघ पडते. दोन वेढ्यांत मोठी फटही नको. दुसऱ्या टोकाची क्लिप स्प्रिंगच्या ताणावर असते. तिच्यात टोक पूर्ण शिरले पाहिजे आणि स्प्रिंगला ओढायला थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे, कारण नवा पेपर पहिल्या काही मिनिटांत गरम होऊन ताणला जातो. पाच-दहा फळ्या काढल्यावर यंत्र बंद करून ताण पुन्हा पाहावा. फाटणारे बहुतेक पेपर येथेच, सैल राहिल्यामुळे फाटतात, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

पेपर कापडी पाठीचा घ्यावा. खाडीकाठच्या हवेत कागदी पाठ ओल धरते, वळते आणि ताणली जाते. वसई-नायगावच्या बाजूला मिठागरे आहेत, हवेत खारेपणा आहे. पेपरचे रोल जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता बंद डब्यात, उंचावर ठेवावेत.

नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, हे सर्वांना ठाऊक आहे. पण किती बारीक, हेही ठाऊक असावे. पेपरवर नंबरच्या आधी 'पी' छापलेला असेल तर ६० नंबरचा दाणा सरासरी ०.२७ मिलिमीटर, ८० चा ०.२०, १२० चा ०.१२५ आणि १८० चा ०.०८ मिलिमीटरच्या आसपास असतो. ६० वरून थेट १५० वर उडी मारली तर साठच्या चरांच्या तळापर्यंत दीडशेचा बारीक दाणा पोहोचत नाही. पॉलिश चढले की ते चर उठून दिसतात. प्लेनरमधून आलेल्या फळीला ८०, मग १२०, आणि शेवटचा हात १५० किंवा १८० ने, तोही हाताने रेषेच्या दिशेने, हा क्रम सागवानाला बरा पडतो.

कट किती घ्यावा

हे यंत्र म्हणजे प्लेनर नव्हे. जाडी उतरवायची ती प्लेनरवर उतरवावी, सँडरकडे फक्त खुणा काढण्याचे काम द्यावे. ८० नंबरला एका फेरीत ०.२ ते ०.३ मिलिमीटर, १२० ला ०.१ मिलिमीटर, याहून लोभ करू नये. रुंद आणि कठीण फळीला त्याहूनही कमी. अनेक लहान यंत्रांत हँडव्हीलचा पूर्ण फेरा म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, अर्धा सूत, असतो. आपल्या यंत्राचा फेरा किती उतरवतो ते एकदा मोजून हँडव्हीलवर खुणा करून ठेवाव्यात. पाव फेरा आणि त्याचा निम्मा, या दोन खुणा पुरतात.

फळीवर जळल्याचे काळे डाग दिसले की कट कमी करावा आणि पट्ट्याचा वेग थोडा वाढवावा. अनेकजण याच्या उलट करतात : डाग दिसला की वेग कमी करतात. हळू चालणारी फळी ड्रमखाली जास्त वेळ राहते, अधिक तापते, अधिक जळते. डाग एकाच रेघेत येत असेल तर पेपरवर त्या जागी राळ चिकटली आहे असे समजावे. अरुंद पट्ट्या किंचित तिरप्या घातल्यास पेपर सारखा झिजतो. शेवटची फेरी मात्र सरळ, रेषेच्या दिशेने घ्यावी.

दोन गोष्टी यंत्रात कधीही घालू नयेत. एक, दाब-रोलरमधील अंतरापेक्षा आखूड तुकडा, तो अडकतो किंवा मागे उडतो. दुसरी, खिळा किंवा स्क्रू राहिलेले जुने लाकूड. एका खिळ्याने पेपर चिरतो, आणि ठिणगी भुशाच्या नळीत गेली तर पुढचे सांगायला नको.

व्हीनियर लावलेल्या प्लायबद्दल वेगळे सांगावे लागेल. बाजारातील सजावटी व्हीनियर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे असते, आणि खालच्या प्लायची जाडी एकसारखी नसते. ड्रम एका उंचीवर बांधलेला, त्यामुळे जेथे प्लाय जाड तेथे व्हीनियर उडते. असे काम हाताने किंवा हातातील मशीनने करावे, ड्रमवर घालू नये.

पट्टा, रोलर आणि टोकाचा खड्डा

फळीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला आडवा खड्डा पडत असेल तर दोन कारणे शोधावीत. लांब फळीचे टोक बाहेर लोंबकळते तेव्हा दुसरे टोक ड्रमकडे उचलले जाते. त्यासाठी पुढे-मागे टेकू किंवा माणूस ठेवावा. दुसरे कारण दाब-रोलरचा जास्त दाब. रोलर ड्रमच्या खालच्या पातळीपेक्षा किंचितच खाली असावेत, किती ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. दाब फार कमी केला तर फळी घसरते, म्हणून एका वेळी थोडेच बदलावे.

सरकता पट्टा एका बाजूला सरकू लागला तर ज्या बाजूला सरकतो त्याच बाजूचा ताणाचा नट पाव फेरा आवळावा आणि थांबावे. परिणाम लगेच दिसत नाही, पट्टा काही फेरे फिरल्यावर दिसतो. घाई करून सतत पान्हा फिरवणाऱ्याचा पट्टा दिवसभर इकडून तिकडे जात राहतो. पट्ट्याखालचे टेबल आठवड्यातून एकदा पुसावे. तेथे साठलेला भुशाचा गोळा म्हणजे फळीखाली ठेवलेला दगडच.

पेपरचे आयुष्य वाढवणारा जुना तळवा

सागवानात नैसर्गिक तेल असते, चीडमध्ये राळ असते. दोन्हींनी पेपर भरतो. भरलेला पेपर बोथट झाला असे समजून अनेकजण टाकून देतात. नैसर्गिक क्रेप रबराची कांडी बाजारात मिळते, पिवळसर क्रेप रबराचा जुना चपलेचा तळवाही चालतो, प्लास्टिकचा मात्र नको. तो एका लांब फळीवर घट्ट चिकटवून घ्यावा. फळी रोलरमधील अंतरापेक्षा चांगली लांब असावी. मग आवरण बंद ठेवून, भुसा ओढणारा ब्लोअर चालू ठेवून ती फळी अगदी हलक्या कटावर ड्रमखालून काढावी. राळ रबराला चिकटून निघते. आवरण उघडे ठेवून फिरत्या ड्रमला हाताने रबर लावण्याची हुशारी आम्ही काही ठिकाणी पाहिली आहे. एका पेपरच्या किमतीसाठी बोटे पणाला लावू नयेत.

धूळ : न दिसणारा खर्च

उमेळ्याच्या कारखान्यात ब्लोअर होता, पण त्याची नळी सहा-सात ठिकाणी वळलेली आणि पिशवी गळ्यापर्यंत भरलेली होती. लाकडाचा भुसा नळीतून वाहत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. प्रत्येक वळण आणि प्रत्येक भरलेली पिशवी हा वेग मारते. मग भुसा ड्रमभोवतीच फिरतो, पेपर तापवतो आणि फळी जाळतो. म्हणजे धुळीचा बंदोबस्त हा कामाच्या दर्जाचाही प्रश्न आहे. नळी आखूड, शक्य तितकी सरळ ठेवावी, पिशवी रोज रिकामी करावी.

आणि माणसाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. नाक आणि नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध आढळला आहे. रंध्याचा जाड भुसा जमिनीवर पडतो, सँडरची बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगते. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. एन-९५ दर्जाचा मुखवटा हवा, आणि तो आधी त्या शिकाऊ पोराला हवा जो ड्रमच्या मागे उभा राहून फळ्या उचलतो. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४व्या कलमाने धूळ जेथे निर्माण होते तेथेच ओढून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. आपल्या छोट्या शेडला कायदा लागू असो वा नसो, पोराचे फुफ्फुस तेच असते.

आणखी एक इशारा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या पॉलिशच्या चिंध्या गोळा करून भुशाच्या पोत्याजवळ टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात टाकाव्यात.

तेल-ग्रीसचा हिशेब

ज्या बेअरिंगला ग्रीसचे तोंड आहे त्यालाच पुस्तिकेप्रमाणे ग्रीस द्यावे. बंद बेअरिंगला काही लागत नाही, आवाज करू लागले की बदलावे. उंचीच्या स्क्रूंना आणि चेनला पातळ तेल लावू नये, तेलावर भुसा बसून त्याची लापशी होते. ब्रशने साफ करून मेण किंवा ग्रॅफाइटसारखे कोरडे वंगण लावावे. पावसाळ्याच्या आधी लोखंडी टेबलाला मेणाचा हात द्यावा. यंत्र ताडपत्रीत गुंडाळून ठेवले तर आत घाम सुटून गंज चढतो, त्यापेक्षा सुती चादर बरी.

जुने यंत्र विकत घेणाऱ्याने रंग पाहू नये. ड्रम हाताने फिरवून खरखर ऐकावी, ड्रमला धरून वर-खाली हलवून खेळ आहे का पाहावा, आणि दोन पट्ट्यांची परीक्षा विकणाऱ्यासमोर घ्यावी. फरक निघाला तर घाबरू नये, किंमत करावी.

एक वही

आमची शेवटची सूचना अशी की यंत्राशेजारी दोरीने बांधलेली एक वही असावी. दर आठवड्याला दोन पट्ट्यांचे माप, पेपर बदलल्याची तारीख, पिशवी रिकामी केल्याची खूण. यंत्र हलवले किंवा पेपरचा नंबर बदलला तर मापही पुन्हा. या कामाला अर्धा तास लागतो. १४ पल्ल्यांच्या कामात चार दिवस गेले होते, याची आठवण त्या अर्ध्या तासाला पुरेशी आहे.

उमेळ्याचा तो ड्रम सँडर विकला गेला नाही. आम्ही महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा तो चालू होता, आणि शेजारच्या दोन कारखान्यांच्या फळ्या चौरस फुटाच्या दराने घासून द्यायचे कामही मिस्त्रींनी घेतले होते. वही खिळ्याला लटकत होती. माप घेण्याचे काम त्यांनी सर्वांत लहान पोराकडे दिले होते. त्याच्या अक्षरात शेवटची नोंद होती : डावी १८.२, उजवी १८.२. खाली त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली होती, "आज उचलले नाही."